आकडे जुळले म्हणून जोडी खरी?

जुन्या लष्करी संगिनी जमवणाऱ्यांमध्ये एक मत इतके घट्ट बसले आहे की त्यावर शंका घेणाऱ्याला लगेच नवशिका ठरवले जाते. मत असे: संगिनीवरचा क्रमांक आणि म्यानावरचा क्रमांक एकच असेल तर जोडी अस्सल; नसेल तर ती मागाहून कोणीतरी जमवलेली, म्हणून उणी, म्हणून स्वस्त. लिलावांच्या याद्या याच कसोटीवर लिहिल्या जातात. मुंबईच्या चोर बाजारातला विक्रेतासुद्धा आता वस्तू हातात देण्याआधी दोन्ही आकड्यांवर बोट ठेवतो. ज्या वस्तूंवर माझा जीव आहे त्यांच्याबद्दल हा निकाल दिला जातो, आणि माझ्या मते बहुतेक वेळा तो चुकतो. म्हणून हा खटाटोप.

आधी पूर्वपक्ष, आणि तोही त्याच्या पूर्ण बळानिशी. आकड्यांचा कैवारी म्हणतो: संगीन आणि म्यान ही एकाच वस्तूची दोन अंगे आहेत. सैनिकाच्या हाती ती एकत्र पडली. आजवर एकत्र राहिली असतील तर शंभर वर्षांचा इतिहास अखंड आपल्यापुढे आहे. ती फुटली असतील तर मधल्या काळात काय झाले ते आपल्याला कळणे नाही. दुसरे, बाजारात लबाडी फार. कोणतेही पाते कोणत्याही म्यानात खुपसून ‘युद्धातून आलेली जोडी’ म्हणून विकणारे पैशाला पासरी आहेत. आकडा हा त्यांच्याविरुद्धचा एकमेव ठोस पुरावा. बाकी सारे डोळ्यांचे खेळ आणि वक्त्याची वाणी. तिसरे, बाजारभावही हेच सांगतो. जाणकार लोक जुळलेल्या जोडीला जास्त पैसे मोजतात, ते काय उगाच? आणि शेवटी, मोडकी वस्तू आणि पुरी वस्तू यांत पुरी वस्तू चांगली, हे सांगायला विद्वान लागत नाही.

हे युक्तिवाद पोकळ नाहीत. काही संगिनींबाबत ते तंतोतंत खरे आहेत, आणि ते मी आधीच मान्य करून टाकतो. फ्रान्सची १८७४ च्या नमुन्याची ग्रा संगीन घ्या. पात्याचा छेद इंग्रजी टी अक्षरासारखा, पितळी टोकाची मूठ, पात्याच्या कण्यावर वळणदार अक्षरांत कारखान्याचे नाव, महिना आणि साल. सेंत-एतिएन, शातेलरो, त्यूल, ही नावे तिथे वाचायला मिळतात. तिच्या आडपट्टीवर क्रमांक असतो आणि तोच पोलादी म्यानाच्या तोंडाजवळ असतो. कारखान्यानेच ही जोडी लावून दिली होती. तसेच दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ८४/९८ संगिनीचे. मुठीलगत एका बाजूला उत्पादकाची खूण, दुसऱ्या बाजूला क्रमांक, आणि म्यानावर पुन्हा तेच दोन्ही. इथे आकडे जुळत नसतील तर जोडी फुटली आहे, यात वाद नाही. पूर्वपक्षाने आपला सिद्धान्त इथवर ठेवला असता तर मी लेखणी उचलली नसती.

पण त्याने तो सगळ्या जगाला लावला. फ्रेंच आणि जर्मन कारखान्यांचा रिवाज ब्रिटनच्या, रशियाच्या, तुर्कस्तानच्या, हिंदुस्थानच्या संगिनींच्या गळ्यात का बांधायचा? ज्या सैन्याने पाते आणि म्यान यांना सारखा अनुक्रमांक दिलाच नाही, त्या सैन्याच्या संगिनीकडे सारख्या अनुक्रमांकाची मागणी करणे ही चिकित्सा झाली, की अडवणूक?

सगळ्यांत उघड उदाहरण रशियाचे. १८९१ च्या मोसिन बंदुकीची चार कंगोऱ्यांची लांब, टोकदार संगीन झारच्या सैन्यात बंदुकीवर चढवलेलीच वागवली जाई. बंदुकीचा नेमदेखील संगीन चढवून साधलेला असे. ती काढली की गोळी भलतीकडे जाई. तिला म्यान नव्हते. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या आणि ऑस्ट्रियनांच्या हाती या संगिनी ढिगांनी लागल्या, आणि कमरेला लावता याव्यात म्हणून त्यांनीच त्यांना म्याने करून दिली. म्हणजे रशियन पाते आणि जर्मन म्यान ही या संगिनीची ऐतिहासिक जोडी. आकड्यांचा कैवारी या जोडीला काय म्हणणार? फुटलेली? ती कधी जुळलेलीच नव्हती. आणि ‘मूळ रशियन म्यानासह’ अशी १८९१ ची संगीन कोणी विकायला आणली, तर ती जोडी कितीही देखणी असो, सावध व्हावे.

आता माझ्या आवडीच्या आणि आपल्या मातीशी संबंध असलेल्या संगिनीकडे येतो: १९०७ च्या नमुन्याची ब्रिटिश संगीन, ली-एनफिल्ड बंदुकीची. सतरा इंची पाते. ही कल्पना जपानकडून उचललेली. १८९७ च्या जपानी अरिसाका संगिनीची ती जवळची नातलग, आणि सुरुवातीच्या ब्रिटिश नगांच्या आडपट्टीला त्या जपानी संगिनीसारखाच पुढे वळलेला आकडाही होता. पात्याच्या मुठीलगतच्या बोथट भागावर एका बाजूला मुकुट, राजाची आद्याक्षरे, १९०७, त्याखाली महिना आणि सालाचे शेवटचे दोन अंक, त्याखाली उत्पादक. दुसऱ्या बाजूला सरकारी मालकीचा बाण, पाते वाकवून तपासल्याची फुली आणि तपासनिसांचे बारीक शिक्के. इथे एक गोष्ट जाता जाता. १९०७ हे नमुन्याचे साल आहे, त्या नगाच्या जन्माचे नाही. तरी ‘१९०७ सालची संगीन’ म्हणून १९१८ चे पाते रोज कुठे ना कुठे विकले जाते, आणि विकत घेणारा आकडे जुळतात का ते मात्र भिंग लावून बघतो.

या संगिनी लाखोंनी झाल्या. पाती घडवली शेफील्डच्या सँडरसनने आणि चॅपमनने, लंडनच्या विल्किन्सनने, एनफिल्डच्या सरकारी कारखान्याने. शिवाय ऑस्ट्रेलियात लिथगो आणि बंगालमध्ये ईशापूर. चामडी म्याने बहुतकरून वेगळ्याच ठेकेदारांची. पाते एका गावात जन्मले, म्यान दुसऱ्या गावात शिवले गेले, आणि दोघांची गाठ पडली ती लष्करी कोठारात. कारखान्यातून निघताना दोघांवर सारखा अनुक्रमांक ठोकण्याची पद्धत ब्रिटनमध्ये नव्हती. पुढे पलटणीच्या आर्मररने मुठीच्या टोकावर पलटणीचे नाव आणि रॅकचा क्रमांक ठोकला, कधी म्यानाच्या मुहनाळीवरही ठोकला, कधी नाही. (म्यानाच्या तोंडावरची धातूची पट्टी ती मुहनाळ, टोकावरची टोपी ती तहनाळ, तलवारींचे हे शब्द संगिनीच्या म्यानालाही नेमके बसतात.) तेव्हा १९०७ च्या संगिनीवर आकडा सापडलाच तर तो फार तर एका पलटणीतल्या एका टप्प्याचा आकडा आहे. तो जन्मदाखला कधीच नव्हता.

आणि त्या टप्प्यानंतर काय होई ते पाहा. १९१३ मध्ये आडपट्टीचा तो वळलेला आकडा नव्या नगांवरून रद्द झाला, आणि जुन्या संगिनी दुरुस्तीला आल्या की त्यांचाही कापून टाकला जाऊ लागला. १९१६ पासून मुठीच्या टोकाला आरपार छिद्र पाडू लागले, बंदुकीवर बसणाऱ्या खाचेत साचलेली माती आणि चरबी बाहेर ढकलता यावी म्हणून. आधीच्या नगांनाही दुरुस्तीच्या वेळी ते पाडले गेले. दुरुस्ती झाली की पात्यावर नवे साल ठोकले जाई. एका पात्यावर अशी दोन-दोन, तीन-तीन साले सापडतात. म्यानाची कथाही तीच. सुरुवातीच्या म्यानांची घुंडी, म्हणजे कमरपट्ट्याच्या फ्रॉगमध्ये अडकणारे बटण, थेंबाच्या आकाराची लांबट; पुढे ती गोल झाली. आधी तहनाळ चामड्याच्या आत दडलेली असे, पुढे ती बाहेरून चढवू लागले. चामडे पावसात सडते, उन्हात तडकते, खंदकात चेपते. पाते तसे नसते. एका पात्याने आयुष्यात दोन-तीन म्याने झिजवली तर त्यात नवल कसले? पोलादाचे आणि चामड्याचे आयुष्य सारखे धरून चालणारी कसोटी कोणत्या तर्कावर उभी आहे, हे पूर्वपक्षाने सांगावे.

वळलेल्या आकड्याची गोष्ट अर्ध्यावर सोडवत नाही. तो दुर्मीळ झाला, म्हणून महाग झाला. महाग झाला, म्हणून बनावट कारागीर साध्या आडपट्टीला आकडा डाग देऊन जोडू लागले. परिणाम असा की ज्या संगिनीने सरकारी हुकूम पाळला आणि आकडा गमावला ती बाजारात हलकी, आणि जिच्यावर हुकुमाविरुद्ध नवा आकडा चिकटवला ती भारी. जुळणीच्या मोहाने नेमके हेच म्यानांच्या बाबतीत होते.

आता एक जोडी जवळून पाहू. माझ्या टेबलावर आहे ती सँडरसनची, १९१७ ची. पात्यावर बाणाखाली आय अक्षर आहे, म्हणजे ती हिंदुस्थान सरकारच्या मालकीची झाली. मूळचे सतरा इंची पाते कापून सुमारे बारा इंचांचे केले आहे. हे दुसऱ्या महायुद्धातले काम. लांब पाते जंगलात आणि मोटारगाडीत अडचणीचे ठरू लागले होते. कापल्याची खूण मोजपट्टीवाचून दिसते. पात्याच्या अंगावरची पन्हळ मुळात टोकाच्या बरीच आधी मिटायची. इथे ती नव्या टोकापर्यंत जाऊन तिथेच तुटते. नवे टोक घासताना कानशीचे ओरखडे तिरपे उमटले आहेत आणि त्यांच्या तळाशीही काळसर रंग चढला आहे, म्हणजे ते कालपरवाचे नाहीत. म्यानाचे चामडे तपकिरी. पाठीमागची शिवण वरून खालपर्यंत सारखी येते, आणि तहनाळीच्या बोटभर आधी दोऱ्याची जाडी बदलते. तिथे म्यान कापून तहनाळ पुन्हा बसवली आहे. मुठीच्या टोकावर एक क्रमांक आहे. मुहनाळीवर दोन: एक रेघ मारून खोडलेला, दुसरा त्याच्या शेजारी. तिन्हींत एकाचाही दुसऱ्याशी मेळ नाही.

कैवाऱ्याच्या हिशेबी प्रकरण इथे संपले. जोडी फुटलेली, पुढे चला.

माझ्या हिशेबी ते इथे सुरू होते. मुहनाळीच्या आत दोन पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा असतात. म्यान उलटे झाले तरी पाते पडू नये म्हणून त्या त्याला दोन्ही बाजूंनी चिमटून धरतात. संगीन हजारदा आत-बाहेर झाली की या स्प्रिंगा पात्याच्या अंगावर आपली रेघ कोरतात. या पात्यावर मुठीलगत अशा रेघा आहेत. ते म्यानात सावकाश सरकवले की स्प्रिंगा बरोबर त्या रेघांवरून धावतात, आणि शेवटचा टप्पा कसा बसतो तो हाताला कळतो. म्हणजे हे पाते आणि हे म्यान वर्षानुवर्षे एकत्र वापरले गेले. शिवाय टोकाच्या अडीच-तीन इंचांत गंजाने पाडलेले बारीक खड्डे आहेत, आणि म्यानाच्या तहनाळीलगत चामडे ओलाव्याने काळे पडले आहे. पाणी तळाशी साचते. तळाशी जे होते त्यालाच गंज चढला. हे पाते कापल्यानंतरच या म्यानात आले, आणि आल्यावर बराच काळ राहिले. आकडे हे सांगत नाहीत. रेघा आणि डाग सांगतात. कोणाची साक्ष ग्राह्य धरायची, ते वाचकांनी ठरवावे.

या जोडीचे वय काय, असा प्रश्न कोणी केला तर मात्र गंमत होते. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्याला वस्तू किमान शंभर वर्षांची लागते. पात्याने शंभरी गाठली. त्याची आजची लांबी दुसऱ्या महायुद्धातली. म्यान कदाचित त्याहून अलीकडचे. कारण ही संगीन १९४५ ला निवृत्त झाली असे कोणी समजू नये. ईशापूरने साठच्या दशकात ७.६२ च्या गोळीसाठी जी २ए आणि २ए१ बंदूक काढली तिच्या तोंडावरही हीच संगीन बसते. आणि ली-एनफिल्ड स्वतः तर २००८ च्या नोव्हेंबरमधल्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्रीही मुंबई पोलिसांच्या हातात होती, हे साऱ्या देशाने पाहिले. इतकी दीर्घ नोकरी करणाऱ्या शस्त्राकडून पहिल्या दिवशीचे म्यान मागायचे?

ईशापूरबाहेरचे एक उदाहरण द्यायलाच हवे. दुसऱ्या महायुद्धात मागणी इतकी वाढली की आखूड संगिनी नव्याने घडवण्याचे काम रेल्वेच्या कारखान्यांकडेही गेले, एन. डब्ल्यू. आर. असा नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचा शिक्का असलेले नग सापडतात. पन्हळ गेली, मुठीचे गोलावे गेले, लाकडाच्या पट्ट्या चौकोनी आणि ओबडधोबड झाल्या. अशा संगिनीच्या म्यानावर पलटणीचे व्यवस्थित आकडे असावेत अशी अपेक्षा धरणाऱ्याने तो काळ कसा होता याचा क्षणभर विचार करावा. इंजिने आणि डबे दुरुस्त करणारा माणूस जिथे संगीन घासत होता, तिथे आकड्यांची शोभा कोण पाहत बसणार?

इथे पूर्वपक्ष म्हणेल, ही वसाहतीची कथा झाली. शिस्तीच्या सैन्यांत असे नव्हते. पहिल्या महायुद्धाआधीच्या जर्मन सैन्याहून शिस्तीचे सैन्य दाखवा. त्यांच्या ९८/०५ आणि त्याआधीच्या संगिनींवर रेजिमेंट, कंपनी आणि शस्त्र क्रमांक असे सगळे कोरलेले असे, आणि म्यानावरही. पण हे ठसे पलटणीत मारले जात, आणि शस्त्र एका पलटणीतून दुसरीत गेले की जुना ठसा रेघ मारून खोडून नवा ठोकला जाई. आता नीट विचार करा. म्यान चेपले. नवे आले. आर्मररने आपले काम चोख केले आणि नव्या म्यानावर जुन्या पात्याचा क्रमांक ठोकला. आज आपल्या हाती जी जोडी येते तिचे आकडे जुळतात. ही मूळ जोडी आहे का? अजिबात नाही. आणि तरी ही अस्सल आहे का? शंभर टक्के. सारखे आकडे एवढेच सिद्ध करतात की कोणीतरी, कधीतरी, दोन ठिकाणी एकच आकडा ठोकला. कोणी आणि कधी, हे आकडा सांगत नाही. शस्त्रागारेही आकडे जुळवीत. दुसऱ्या महायुद्धात हाती आलेल्या जर्मन ९८के बंदुका सोव्हिएत शस्त्रागारांनी उघडल्या, पुर्जे मिसळले, पुन्हा जोडल्या, आणि बोल्टवर बंदुकीचा क्रमांक विजेच्या लेखणीने कोरून टाकला. बंदुका जमवणाऱ्यांना हे ठाऊक आहे. ते अशा जुळणीला ‘जुळवलेली’ म्हणतात आणि पुढे जातात. संगिनी जमवणाऱ्यांनीच डोळे का मिटून घ्यावेत?

पहिल्या महायुद्धात १९१४ पासून जर्मनीला पोलादाची आणि कारागिरांची इतकी टंचाई जाणवली की धातूच्या मुठींच्या कामचलाऊ संगिनी बनवाव्या लागल्या, आणि फ्रेंच, बेल्जियन, रशियन पकडलेल्या संगिनी जर्मन बंदुकीवर बसतील अशा करून वापरात आणल्या गेल्या. त्यांची म्याने राखाडी-हिरव्या रंगात बुडवलेली. तुर्कस्तानने तर हे काम पद्धतशीर केले. अंकाराच्या लष्करी कारखान्याने निरनिराळ्या देशांच्या लांब संगिनी कापून एका मापाच्या केल्या आणि त्यांच्यावर एएस.एफए. असा आपला शिक्का मारला. जर्मन पाते, तुर्की टोक, तुर्की शिक्का, आणि म्यान मिळेल ते. अमेरिकनांनी आपल्याच १९०५ च्या सोळा इंची संगिनी परत बोलावून दहा इंचांवर आणल्या. त्या ओळखायची खूणही तीच, पन्हळ टोकाशी जाऊन तुटते. ही सगळी उदाहरणे मी अपवाद म्हणून देत नाही. विसाव्या शतकातल्या युद्धांत संगिनीचे आयुष्य असेच गेले. अपवाद आहे ती कारखान्यातून निघून थेट कपाटात गेलेली जोडी.

आणि आम्हा मराठी लोकांना हे पटायला तर काहीच अडचण नसावी. फिरंग तलवार घ्या. पाते युरोपातले, सोलिंगेनचे किंवा इटलीचे, समुद्रमार्गे आलेले. मूठ दख्खनी, इथल्या लोहाराने चढवलेली. म्यान इथल्याच लाकडाचे, वर मखमल किंवा चामडे. त्यातही मूठ पुढे एकदोनदा बदललेली असते, म्यान तर हमखास. आजवर एकाही संग्राहकाने ‘पाते आणि मूठ एका गावची नाहीत’ म्हणून फिरंगीला उणे लेखल्याचे ऐकिवात नाही. उलट परदेशी पाते आणि देशी मूठ यांचा तो संगमच तिचे मोल. तीच दृष्टी संगिनीकडे वळली की आंधळी का होते? मला वाटते, कारण संगिनीवर आकडा असतो आणि फिरंगीवर नसतो. आकडा दिसला की माणूस बघणे सोडून वाचायला लागतो.

आता लबाडीचा मुद्दा, कारण पूर्वपक्षाचे सगळे बळ तिथे आहे. आकडा हा फसवणुकीविरुद्धचा पुरावा, असे ते म्हणतात. पण कोणत्याही वस्तूवरची सगळ्यांत सोपी नक्कल कोणती? स्प्रिंगेची रेघ घडवायला हजार वेळा पाते सरकवावे लागेल. गंजाचे खड्डे आणि चामड्यावरचा डाग एकमेकांसमोर आणायचे तर वर्षे लागतील. आकडा? पोलादी पंचांचा संच आणि हातोडी. जुळलेल्या जोडीला बाजार दुप्पट भाव देतो, ही पूर्वपक्षाची अभिमानाची गोष्ट. तीच गोष्ट हातोडीला आमंत्रण देते. चोराला कोणत्या दाराने यायचे ते यांनीच सांगून ठेवले आहे. नवा ठसा ओळखता येतो, त्याच्या कडांना उठलेली बारीक किनार बोटाला लागते, अंकांच्या खाचांचा तळ उजळ दिसतो आणि आजूबाजूचा जुना काळपटपणा ठशाच्या खाली जातो. पण हे ओळखायचे तर वस्तू बघावी लागते. नुसता आकडा वाचून चालत नाही. म्हणजे शेवटी पूर्वपक्षालाही माझ्याच कसोटीकडे यावे लागते.

भावाच्या मुद्द्यावर फार वेळ घालवणार नाही. बाजार काय मानतो हे बाजाराचे मत आहे, इतिहासाचे नाही. लोक जास्त पैसे देतात म्हणून गोष्ट खरी ठरत असती तर चिकटवलेल्या आकड्याची १९०७ खरी ठरली असती.

राहिला एक आक्षेप, आणि तो गंभीर आहे. ‘तुमचे म्हणणे मानले,’ ते विचारतात, ‘तर उद्या प्रत्येक दुकानदार कुठलेही म्यान कुठल्याही पात्याला लावील आणि म्हणेल, शस्त्रागारातच असे जोडले होते. मग अडवणार कसे?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की शस्त्रागारातली जोडणी आणि दुकानातली जोडणी यांत फरक करता येतो, आणि तो करणे हेच संग्राहकाचे काम. नमुना आणि काळ एकमेकांना धरून आहेत का? कापलेल्या पात्याला कापलेले म्यान आहे, की आखूड पाते लांब म्यानात खुळखुळते आहे? दुरुस्तीची साले आणि म्यानाची रचना यांचा मेळ बसतो का? १९०७ च्या छिद्र पाडलेल्या, आकडा कापलेल्या, पुन्हा साल ठोकलेल्या संगिनीवर थेंबाच्या घुंडीचे, कोरे करकरीत चामड्याचे म्यान असेल तर मी पहिला संशय घेईन, दोन्हींवरचे आकडे जुळत असले तरी. स्प्रिंगांच्या रेघा, गंजाची जागा, चामड्याचा डाग, घुंडीची फ्रॉगमध्ये घासलेली बाजू: हे चार साक्षीदार एकसुरात बोलले तर आकडा गप्प असला तरी चालतो. ते एकमेकांना खोडून काढत असतील तर आकडा कितीही ओरडला तरी उपयोग नाही. होय, यात कष्ट आहेत, आणि चुकण्याची शक्यताही आहे. पण ज्याला पुराव्याऐवजी सोय हवी आहे त्याने लायसन्सच्या फाइली जमवाव्यात, संगिनींच्या मागे लागू नये.

हा वाद केवळ तत्त्वाचा असता तर मी गप्प बसलो असतो. नुकसान वस्तूंचे होते. जुळत नाही म्हणून शस्त्रागाराने लावून दिलेले म्यान काढून टाकायचे आणि ‘बरोबरच्या’ नमुन्याचे, स्वच्छ चामड्याचे म्यान शोधून लावायचे, ही आता सभ्य संग्राहकांची रीत झाली आहे. पात्यावर स्प्रिंगांच्या ज्या रेघा आहेत त्यांचा धनी गेला. कापलेल्या टोकाचा इतिहास सांगणारी जाड दोऱ्याची शिवण गेली. खोडलेला एक आकडा आणि ठोकलेला दुसरा, दोन पलटणी एकाच मुहनाळीवर, तेही गेले. त्या बदल्यात मिळाले काय? एक नीटनेटकी, निर्जीव जोडी, जी अशी कोणत्याही सैनिकाच्या कमरेला कधी लटकली नव्हती. आणि काढून टाकलेले ते म्यान कुठे जाते? विक्रेत्याच्या खोक्यात. तिथे त्याच्यासारखीच इतर म्याने पडलेली असतात, शेजारी म्यानाविना पाती असतात, आणि आकडे जुळवायला बसलेला माणूसही तिथेच असतो. महिन्या दोन महिन्यांत त्याच खोक्यातून एक जुळलेली जोडी बाहेर पडते आणि आकड्यांचा कैवारी तिला दुप्पट भाव देऊन घरी नेतो.